वजनकाट्यावरचा रातकिडा

ईरी, पेन्सिल्व्हेनिया
थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार

प्रिय व्हर्नाताईस,

धाकट्या ऑर्व्हिलचा नमस्कार. तुझा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. तिकडे ॲरिझोनात तू ऐन नोव्हेंबरात बिनबाह्यांचा झगा घालून अंगणातली लिंबं तोडतेस हे वाचून तेवढं बरं वाटलं नाही, कारण मी हे पत्र हातमोजे घालून लिहितोय. इडेला मजेत आहे. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. माझ्या तब्येतीचं विचारशील तर खाणंपिणं ठीक आहे, पण झोपेचं खोबरं झालंय. डोळा लागला की मागून ट्रकचा भोंगा ऐकू येतो आणि मी गादीवरच ब्रेक दाबतो. (इडेलाने मधे एक जाड उशी ठेवलीय. ब्रेक तिच्यावर लागतो.)

याचं कारण सांगायलाच हे पत्र. ताई, गाडी आली. म्हणजे विकायला नाही आली, नुसती दाखवायला आली. पण तेवढ्याने तुझ्या भावाची जी गत झाली ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचा क्लब तुला ठाऊक आहे. (गेल्या खेपेला तू आली होतीस तेव्हा चर्चच्या तळघरात आमच्या सभेला बसली होतीस आणि मधेच उठून चर्चच्या शुक्रवारच्या पंगतीचे मासे तळायला निघून गेली होतीस.) इटलीत ग्रिल्लो नावाची एक चिमुकली गाडी निघते. ग्रिल्लो म्हणजे रातकिडा. ती अमेरिकेत येणार, येणार असं कंपनी वर्षानुवर्षं सांगतेय. कधी दिव्यांचे नियम आड येतात, कधी धुराचे, कधी कंपनीचा मालकच बदलतो. आणि आम्ही मूठभर माणसं दर महिन्याला जमून, माहितीपत्रकं चाळून, ती गाडी आल्यावर कुठला रंग घ्यायचा यावर भांडतो. मी अध्यक्ष. अध्यक्ष म्हणून मी पुष्कळ भाषणं केली आहेत. त्यातलं 'मोठी गाडी हे भित्र्या माणसाचं चिलखत आहे' हे वाक्य इथल्या वर्तमानपत्राने माझ्या फोटोखाली छापलं होतं. इडेलाने ते कापून फ्रिजवर लावलंय. का, ते तिला विचारण्याची माझी हिंमत नाही. कारण ताई, फक्त तिला माहीत आहे, आणि आता तुला सांगतो, की गेल्या की त्याच्या आदल्या हिवाळ्यात नव्वद नंबरच्या हायवेवर वाऱ्याने माझी गाडी शेजारच्या रांगेत ढकलली, त्या दिवसापासून मी हायवेवर चाक घातलेलं नाही. मी सगळीकडे सरोवराकाठच्या जुन्या रस्त्याने जातो. कुणी विचारलं तर तिथून पाणी छान दिसतं म्हणतो.

तेव्हा गाडी येण्याची वाट बघणं मला फार सुखाचं होतं. ती येणं हा वेगळा विषय होता. कंपनीने तारीख पुढे ढकलली की मी सभेत टेबलावर मूठ आपटायचो आणि घरी येऊन गाढ झोपायचो.

पण क्लबात एक माणूस असा होता की ज्याच्यासमोर मला ही चैन परवडत नव्हती. ते म्हणजे नुन्झिओकाका. पीच स्ट्रीटवरचे न्हावी. आता दुकान पुतणीला दिलंय, तरी रोज जाऊन खुर्चीत बसतात. एकोणिसाव्या वर्षी कालाब्रियाहून इथे आले. त्यांच्या गावात डॉक्टरकडे जुन्या जमान्यातली पहिली ग्रिल्लो होती आणि काका दर शनिवारी ती धुवायचे. बक्षीस म्हणून डॉक्टर त्यांना शेजारच्या सीटवर बसवून विहिरीपर्यंत न्यायचे. चालवायला कधी दिली नाही. आमच्या क्लबात बाकीच्यांना ती गाडी हवी आहे. काकांना फक्त एकदा चालवायची आहे. आणि ताई, त्यांचे चष्मे मी करतो. दर वर्षी काच जाड होत गेली आणि या वर्षी मला कळलं की आता काच जाड करून काही होणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं : मधोमध धूसर डाग आहे, तो वाढत जाणार. हायवे बंद, संधिप्रकाशात गाडी बंद, आणि उन्हाळ्यापर्यंत बहुधा सगळंच बंद. काकांनी हे क्लबात कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "ऑर्व्हिल, त्या लोकांना जरा लवकर पाठवायला सांग ना." मी कंपनीला पत्रावर पत्रं लिहिली. प्रत्येक पत्र पेटीत टाकताना मनात धाकधूक. अर्धी काकांची गाडी चुकेल म्हणून, अर्धी माझी चुकणार नाही म्हणून.

तर या महिन्याच्या सुरुवातीला कंपनीच्या मिस लॉक्रिज यांचा फोन आला. इतकी वर्षं वाट बघणाऱ्या क्लबांसाठी एक गाडी गावोगाव फिरवतोय, ईरीत येत्या शनिवारी आणतो, टीव्हीवाले येतील, आणि अध्यक्षांनी स्वतः चालवायची. 'हायवेवरच चालवा,' असं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, कारण अमेरिकन लोकांना वाटतं की छोटी गाडी हायवेवर टिकत नाही, तो गैरसमज तुमच्यासारखा निडर माणूसच दूर करू शकेल. माझं ते छापलेलं वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, जरूर. फोन ठेवला आणि जिन्यावरच बसलो. इडेला म्हणाली, काय झालं. मी म्हणालो, आनंद झाला. तिने पाणी आणून दिलं.

त्या शनिवारी चर्चच्या आवारात ट्रकमधून गाडी उतरवली. ताई, माहितीपत्रकात त्या गाडीजवळ एक बाई उभी असते. त्यावरून आम्ही गाडीचा अंदाज बांधला होता. ती बाई बहुधा फारच ठेंगणी असावी. प्रत्यक्षात गाडीचं टप माझ्या बरगड्यांपर्यंत येत होतं. सगळ्यांनी खिशातली माहितीपत्रकं पुन्हा काढून पाहिली. मग ग्लेनिसबाई (आमच्या उपाध्यक्ष, जन्मभर शाळेची बस चालवली, दरवर्षी माझ्याविरुद्ध निवडणुकीला उभ्या राहतात) गाडीभोवती एक चक्कर मारून मला म्हणाल्या, "अध्यक्ष, तुम्ही हिच्यात बसणार की हिला मांडीवर घेणार?" टीव्हीवाल्यांनी ते टिपलं. नुन्झिओकाकांचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी हातमोजा काढला आणि गाडीच्या नाकावरून हात फिरवला, गिऱ्हाइकाच्या मानेवरून फिरवतात तसा. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं.

काकांना मी शेजारी बसवलं. तसं मी मिस लॉक्रिजना आधीच अट घातल्यासारखं सांगून ठेवलं होतं. काकांच्या मांडीवर आपल्याकडच्या जाळीदार, चॉकलेटात बुडवलेल्या स्पंज कँडीचा डबा होता, टीव्हीवाल्यांना वाटायला आणलेला. मी आत शिरलो तेव्हा माझे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. गिअर हाताने टाकायचे. ते तू मला शिकवलंस तेव्हा ओरडून ओरडून शिकवलंस म्हणून अजून लक्षात आहेत. मागे टीव्हीची व्हॅन, त्यात मिस लॉक्रिज. आम्ही निघालो. हायवेला चढायच्या वळणावर माझी पाठ शर्टाला आणि शर्ट सीटला चिकटला.

पहिला ट्रक बाजूने गेला तेव्हा मला त्याचं फक्त चाक दिसलं. खिडकीभर चाक. दुसरा गेला तेव्हा आमची गाडी एकदा त्याच्याकडे ओढली गेली आणि मग दूर फेकली गेली, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कुणा माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. काकांनी विचारलं, "ही भोंग्याची कळ का?" मी हो म्हणालो. काका आनंदात होते. खिडकीची काच खालीवर करत होते. आणि मग डावीकडून, सरोवरावरून, हिमझड आली. तू इथेच वाढलीस, तुला काय सांगायचं. आकाश आहे तोवर आहे, आणि मग कुणीतरी गाडीवर चादर टाकल्यासारखं सगळं पांढरं. वायपर नुसते माझं सांत्वन करत होते. रस्ता नाही, कठडा नाही, मागची व्हॅन नाही. फक्त पुढे दोन लाल दिवे, कुठल्यातरी ट्रकचे. मी ठरवलं की हे दिवे जातील तिथे आपण जायचं. ते कॅनडात गेले तर कॅनडात.

त्या पांढऱ्यात मी दिव्यांमागे जात राहिलो. डब्याचं झाकण वाजलं. काका कँडी खायला लागले होते, म्हणजे घाबरले होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ऑर्व्हिल, मला समोरचं काही दिसत नाहीये रे."

मी म्हणालो, "कुणालाच दिसत नाहीये, काका."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाले, "मग आज आपण सारखे."

ताई, त्या वेळी मला इतकी भीती वाटत होती की रडू आलं तेही मला उशिरा कळलं.

लाल दिवे उजवीकडे वळले, मीही वळलो. हळू झाले, मीही झालो. थांबले, मीही थांबलो. मग ते पुढे गेले आणि माझ्यासमोर एक लाल सिग्नल लागला आणि वरच्या भोंग्यातून आवाज आला, "पुढचं वाहन काट्यावर घ्या." मी घाबरलेल्या माणसाच्या आज्ञाधारकपणाने घेतलं. तेव्हा बर्फ जरा उघडला आणि मला कळलं की आम्ही ट्रकांच्या वजनकाट्यावर उभे आहोत. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे रातकिडा. खोलीतल्या अंमलदाराला काचेतून आम्ही दिसतच नव्हतो, कारण त्याची खिडकी ट्रकांच्या उंचीची. त्याला फक्त काट्याचा आकडा दिसत होता, आणि त्या आकड्यावरून काटा बिघडलाय असं त्याचं मत झालं. त्याने आम्हांला मागे घ्यायला लावलं, पुन्हा पुढे घ्यायला लावलं, आणि शेवटी टोपी घालून स्वतः खाली आला. एल्डन त्याचं नाव. बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. मग वाकला (खूप वाकावं लागलं) आणि सवयीने विचारलं, "माल काय आहे?"

मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. मी म्हणालो, "न्हावी."

"किती?"

"एकच."

"कागदपत्रं?"

मी दिली. ती सगळी इटालियनमध्ये होती. काकांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचून दाखवायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे परत दिली आणि अंमलदाराला कँडी देऊ केली. एल्डनने घेतली. हायवे बंद केलाय, म्हणाला, झड ओसरेपर्यंत कुणाला सोडता येणार नाही, गाडी मागच्या पटांगणात लावा.

पटांगण चांगलं ऐसपैस होतं. कडेने ट्रक उभे, मधे ताजा बर्फ, एकही चाकाची खूण नाही. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंग सोडायचा प्रयत्न केला तर बोटं सुटेनात. काकांनी एकेक बोट सोडवलं. आणि तेवढ्यात मला जे सुचलं, ते मी धैर्याने केलं असं तू समजू नकोस. मला त्या खुर्चीतून उठायचं होतं एवढंच. मी एल्डनला हाक मारली आणि विचारलं की हे पटांगण हायवे धरतात का. तो म्हणाला, नाही. मी विचारलं, मग इथे यांनी जरा चालवली तर? त्याने काकांकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्याच्या काचा पाहिल्या. ट्रकांकडे पाहिलं. मग म्हणाला की पटांगणावर सध्या सगळं थांबलेलं आहे, आणि तो आत कॉफी ओतायला जातोय, त्याला वेळ लागतो.

आम्ही जागा बदलल्या. काका उंचीने लहान, ते त्या सीटमध्ये असे बसले की गाडी त्यांच्या मापाने शिवलीय. मी शेजारी बसून सांगायला लागलो : डावीकडे, आता सरळ, समोर ट्रक आहे, जरा अलीकडून. पहिल्याच फेरीला त्यांनी मला गप्प केलं. "ओरडू नकोस पोरा, ती ऐकतेय." पहिला गिअर, दुसरा गिअर. बर्फावर एक वाकडं वर्तुळ उमटलं, मग त्याच्या आत दुसरं. ते पुढे बघतच नव्हते. बाजूला मान करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, तिथे डाग नाही ना. ट्रक ड्रायव्हर हातात कॉफी घेऊन बाहेर आले आणि ओळीने उभे राहिले. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. मला सारखी भीती, की आता आदळणार, आता कुणाच्या बंपरखाली जाणार. आणि काका इटालियनमध्ये कुणाशी तरी बोलत होते, बहुधा त्या डॉक्टरशी. तिसऱ्या की चौथ्या फेरीला त्यांनी भोंगा वाजवला. रातकिड्याचा भोंगा तो, किर्र केल्यासारखा. समोरच्या ट्रकने त्याला उत्तर दिलं, आणि पटांगण हादरलं.

थांबले तेव्हा काकांनी स्वतः किल्ली फिरवली आणि हात मांडीवर ठेवले. "विहिरीच्या पुढे गेलो," एवढंच म्हणाले.

झड ओसरून हायवे उघडला तेव्हा एक ट्रकवाली बाई आली. जिचे लाल दिवे धरून मी आलो होतो ती हीच. मार्व्हा नाव. आमच्या काचेवरचा बर्फ तिने बाहीने पुसला आणि माझा चेहरा बघून विचारलं, "परत जायचं कसं?" मी म्हणालो की मी इथेच राहीन म्हणतो. ती म्हणाली, "वेडेपणा करू नका. पुढच्या वळणावरून उलटे फिरा, मी मागे राहते. माझ्यामागून कुणी तुमच्यापर्यंत पोचणार नाही." आणि ताई, ती खरंच ईरीपर्यंत दिवे लुकलुकवत माझ्या मागे आली, तिला जायचं होतं दुसरीकडेच. मी सायकलच्या वेगाने चालवत होतो. सगळ्या रस्त्याने लोक आम्हांला शिव्या देत होते आणि त्या सगळ्या तिने स्वतःच्या अंगावर घेतल्या.

तोवर टीव्हीवर 'इटालियन छोटी गाडी हिमझडीत बेपत्ता' अशी बातमी देऊन झाली होती. चर्चच्या आवारात ग्लेनिसबाई कॅमेऱ्यासमोर माझ्याविषयी भूतकाळात बोलत होत्या. (चांगलं बोलत होत्या, हे मान्य केलं पाहिजे.) घरी आलो तर इडेलाने पातेलं गरम ठेवलं होतं. सूप वाढलं, मी संपवलं, पुन्हा वाढलं. माझा चमचा सारखा ताटलीवर वाजत होता, तर तिने रेडिओ मोठा केला.

असं झालं सगळं. लिंबं पाठवलीस तर बरं होईल. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
ऑर्व्हिल

ता. क. : खरं सांगायचं राहिलंच. कंपनीने आता नक्की कळवलंय, गाडी वसंतात येणार. पहिली आमच्या क्लबाची, अध्यक्षांनी पिट्सबर्गला जाऊन स्वतः चालवत आणायची. पिट्सबर्ग ते ईरी सगळा हायवे आहे, मी नकाशात तीनदा पाहिलं, दुसरं काही निघत नाही. ताई, तू डोंगरात टपालाची गाडी चालवलीस, रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवलीस. तू ये आणि ती घेऊन ये. मी मागच्या सीटवर बसेन. पुढे काका बसतील; त्यांच्या डोळ्यांना तोवर उजेड असेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यापुढचं काही म्हणत नाहीत. त्यामुळे तारीख पुढे ढकलायची नाही, हे मीच म्हणतोय, बघ.

ता. क. २ : ग्लेनिसबाईंना का सांगत नाहीस असं विचारशील. त्या आनंदाने आणतील, आणि पुढची पंधरा वर्षं ईरीत दर शुक्रवारी मासे खाताना ते सांगतील.

ता. क. ३ : सामान लहान आण. डिकीत कोबीचे दोन गड्डे मावतात. टीव्हीवाल्यांना मी तुझं नाव देऊन ठेवलंय, तेव्हा नाही म्हणू नकोस.

वन्सं,

पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं, म्हणून हे चार शब्द. तुम्ही जरूर या, मलाही तुम्हांला भेटायचंय. पण एक ऐका. गेले तीन रविवार हे 'चर्चमध्ये खुर्च्या लावायला जातो' म्हणून माझी पिकअप घेऊन जातात. पहिल्या रविवारी मी मफलर द्यायला मागून गेले तर खुर्च्या होत्या तशाच होत्या. गेल्या रविवारी मार्व्हाबाईंचा घरी फोन आला : तुमचे यजमान दर रविवारी वजनकाट्यापर्यंत येतात, घामाने भिजलेले असतात, एक कॉफी पितात आणि परत जातात, आज पलीकडच्या वळणापर्यंत जाऊन आले, तुम्हांला कळवावंसं वाटलं. घरी आल्यावर मला म्हणाले, तळघरात हीटर फार मोठा ठेवतात.

मी काही बोललेले नाही. तुम्हीही बोलू नका. वसंतात या, पिट्सबर्गला जा, सगळ्यांबरोबर फोटो काढा. आणि किल्ली हातात द्यायला लागले की म्हणा, आज माझं मन होत नाही रे, तूच घे.

मागच्या सीटवर माझ्यासाठी जागा ठेवा. मी डोळे मिटून बसेन.

इडेला